झील पुरी होईपर्यंत

कोन गावच्या राहीबाईचा आवाज आणि राहीबाईचा राग ही दोन्ही एकाच जागेतून निघतात, असं तिचा नवरा तुळशीराम म्हणायचा. दोन्ही आधी पोटात घुमायची, मग गळ्याशी यायची आणि एकदा बाहेर पडली की कल्याण-भिवंडी रस्त्यावरच्या ट्रकवाल्यांनाही ऐकू जायची. फरक इतकाच, की आवाजासाठी लोक पूर्वी बैलगाडी आणि पुढे रिक्षा पाठवून तिला मानाने घेऊन जात. रागासाठी कोणी काही पाठवत नसे. तो तिच्यासोबत फुकट येई.

राहीबाई धवलारीण होती. आगरी लोकांच्या लग्नात उंबराची फांदी मांडवात येण्यापासून हळद उतरेपर्यंत जे जे म्हणून होतं, त्याला धवला म्हणावा लागतो, आणि तो म्हणणारी ती धवलारीण. भटजीला उशीर झाला तर लोक चहा पीत थांबत. धवलारीण नसेल तर हळदीच्या वाटीला कोणी बोट लावत नसे. पोथी नाही, वही नाही, सगळं पाठ. राहीबाईला ते तिच्या आईने शिकवलं होतं. तिला आणि तिच्या थोरल्या बहिणीला, आक्काला. दोघी पोरी तांदूळ पाखडताना समोरासमोर बसून म्हणायच्या.

धवला एकटीने म्हणायचा नसतो. मुख्य बाई एक ओळ म्हणते आणि थांबते. मग शेजारची बाई तीच ओळ, शब्दाला शब्द लावून, पुन्हा म्हणते. ती झील. झील चालू असेस्तोवर मुख्य बाईने तोंड मिटून ठेवायचं आणि पोटभर श्वास घ्यायचा, म्हणजे पुढची ओळ दमदार निघते. आईचा हा एक नियम फार कडक होता. राहीने झिलीच्या मधे तोंड घातलं की पाठीत धपाटा बसायचा. ओळ म्हणणारी राही आणि झील धरणारी आक्का, अशी ती जोडी होती. पुढे आक्का लग्न होऊन भिवंडीजवळ कामतघरला गेली आणि झील शेजारच्या ठकुबाईकडे आली. ठकुबाई स्वभावाने गाय. राहीबाई जे म्हणेल ते डोळे मिटून तसंच्या तसं म्हणायची, मग तो धवला असो की शेजारणीबद्दलचं मत असो.

गाण्यात इतकी शिस्तीची असलेली राहीबाई बोलण्यात मात्र एक घाव दोन तुकडे. एका मांडवात नवरदेवाच्या आत्याने ऐन ओळीत "चा घेता का?" विचारलं म्हणून ती उठून आली. दुसऱ्या मांडवात काळूराम लाऊडस्पीकरवाल्याने मधेच "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग" केलं, तेव्हा ती उठली नाही. तिने ओटीतले तांदूळ त्याच्या भोंग्यात ओतले. पुढे महिनाभर काळूरामचा भोंगा कोणतंही गाणं लावलं तरी पावसाळा असल्यासारखा वाजायचा.

राग आला की तिचा हात आधी पिशवीकडे जाई. निळ्या कापडाची पिशवी, आत पानाची चंची, अडकित्ता, खडीसाखर आणि एक जादा लुगडं. पिशवी खांद्याला लागली की राहीबाई निघालीच म्हणून समजावं. त्यामुळे शहाणे यजमान पहिलं काम कोणतं करत, तर "द्या बाय, आत ठेवतो" म्हणून ती पिशवी आतल्या खोलीत नेऊन लपवत. ती शोधण्यात जेवढा वेळ जाई तेवढ्यात दोन वयस्क बायका हातापाया पडून तिला पुन्हा पाटावर बसवत. कोनपासून कामतघरपर्यंत हा रिवाज सगळ्यांना ठाऊक होता.

सख्ख्या बहिणीची पिशवी मात्र कोण लपवणार? आक्काच्या हातून तेवढंच राहून गेलं.

ही गोष्ट त्र्याऐंशी सालच्या मे महिन्यातली. आक्काच्या थोरल्या मुलीची, जानकीची हळद होती. आक्काच्या सासरची शेतं एव्हाना गेली होती आणि त्या जागी कापड विणणाऱ्या लूमच्या शेड उभ्या राहिल्या होत्या. मांडवाला लागूनच चोवीस लूमची शेड. लग्नासाठी लूम बंद ठेवायला आक्काचा नवरा तयार नव्हता, त्यामुळे खडखडाट सुरूच होता. त्यातून नवरा मुलगा कल्याणला बँकेत. त्याच्या घरच्यांना भटजी हवे होते म्हणून प्रभाकर भटजी येऊन बसले होते. त्यांना पुढे दुसरं कार्य होतं आणि ते दर पाच मिनिटांनी घड्याळाकडे बघत होते. व्याही भटजींकडे बघत होते, आक्काचा नवरा व्याह्यांकडे बघत होता आणि सगळे मिळून आक्काकडे बघत होते.

हळदीचा धवला कपाळापासून सुरू होतो आणि पायाच्या नखापर्यंत उतरतो. जिथली हळद, तिथली ओळ. राहीबाई कोपरापर्यंत आली होती. "हलद आयली कोपरा, बाय माजी गो लाजली," अशी ओळ म्हणून ती थांबली, ठकुबाईने झील उचलली, आणि तेवढ्यात आक्का तिच्या कानाशी वाकली.

"राही, जरा आवर गो. धवल्याच्या चार ओली गाल, सोडून दे. एवढ्या खडखडाटात कोन ऐकतंय?"

तळपायाची आग मस्तकात गेली. ठकुबाईची झील चालू आहे, मांडवात दोनशे माणूस आहे, समोर बहिणीची लेक दोन्ही हात पुढे करून बसली आहे, यातलं काही राहीबाईला दिसलं नाही. मोठेपणी पहिल्यांदाच तिने झिलीच्या मधे तोंड घातलं.

"आयचा धवला गालू? कोन ऐकत न्हाय तं लूमलाच सांग तुझ्या, म्हन हलदीचा धवला!"

पिशवी गुडघ्याशीच होती. ती खांद्याला लागली आणि राहीबाई मांडवाबाहेर गेली. ठकुबाईने बिचारीने ती ओळ पुरी केली, डोळे उघडले, शेजारची जागा रिकामी बघितली आणि तीही मागोमाग धावली. जानकी कोपरापर्यंत पिवळी होऊन बसून राहिली. खालची हळद आक्काने स्वतःच्या हाताने लावली, मुक्याने.

खरं सांगायचं तर कोनला पोचेपर्यंत राहीबाईचा राग उतरलाही होता. तिला रिक्षातच रडू फुटलं. पण परत जायचं तर कोणत्या तोंडाने? दुसऱ्या दिवशी आक्काने रीत म्हणून नारळ आणि लुगडं पाठवलं, सोबत निरोप एका शब्दाचा नाही. अर्ध्या धवल्याचा पुरा नारळ मी घेणार नाही, म्हणून राहीबाईने तो परत पाठवला. झालं. एकाच आईच्या दोघी, कोण कोणाला हार जाणार? अर्धी हळद अशुभ म्हणून बायकांनी बरंच हळहळून घेतलं, पण जानकीचा संसार दृष्ट लागण्यासारखा झाला. तुटलं ते एवढंच, की आक्का आणि राही एकमेकींशी बोलायच्या थांबल्या. वर्ष गेलं, दोन गेली, भाऊबीज-पंचमी गेल्या. कामतघरच्या दिशेला रिक्षा जाताना दिसली तरी राहीबाईचा चेहरा उतरायचा, आणि चेहरा उतरला की राग चढायचा, आणि तो तुळशीरामवर निघायचा.

तुळशीराम हा सोसणारा गडी, पण त्यालाही मर्यादा होती. कोणीतरी सांगितलं म्हणून तो बायकोला यष्टीने गणेशपुरीला घेऊन गेला. तिथल्या गरम पाण्याच्या कुंडात पाय बुडवून राहीबाई म्हणाली, "कोमट हाय." कुंडावर भेटलेल्या पांढऱ्या कपड्यांतल्या एका भल्या बाईंनी तिला सांगितलं, की डोळे मिटा आणि नुसतं श्वासाकडे बघा, मन शांत होईल. राहीबाई बसली. अर्ध्या मिनिटात तिला काळूरामचा भोंगा आठवला, मग आत्याबाईचा चहा, मग पंधरा वर्षांपूर्वी तिच्या लुगड्याला नावं ठेवणारी एक विहीण. डोळे उघडले तेव्हा ती जाताना होती त्यापेक्षा जास्त संतापलेली होती. परतीच्या यष्टीत कंडक्टरने "पुढे सरका" एवढंच म्हटलं आणि बिचाऱ्याला ते फार महागात पडलं.

गावच्या शाळेतल्या सुनीतीबाईंनी दुसरा उपाय सांगितला. राग आला की मनात दहा आकडे मोजायचे. राहीबाईने तोही मन लावून केला. आठवड्याने सुनीतीबाईंनी विचारलं, "काय, जमतंय का?"

"जमतं की," राहीबाई म्हणाली. "आधी एकच उत्तर सुचायचा. आता दहापर्यंत दहा सुचतात."

पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच, असं म्हणून तुळशीरामने प्रयत्न सोडला. आणि मग, कोणी काहीच करत नसताना, औषध सापडलं. ते ठकुबाईच्या कानात होतं.

ठकुबाई हळूहळू बहिरी होत चालली होती. सत्तर टक्के ऐकू येईना तरी तिचं काम अडत नव्हतं, कारण धवले पाठ होते. राहीबाई थांबली की आपण सुरू व्हायचं, एवढं तिला कळे. पण पाठांतरात नसलेलं काही कानावर आलं, तर ते धवल्याचंच असणार असं धरून ती तेही म्हणून टाकायची.

एकोणनव्वद साली खाडीपलीकडच्या एका गावात हळद होती. नवऱ्याचा मामा जरा रंगात आला होता. राहीबाई एक ओळ संपवून थांबली आणि त्या नेमक्या क्षणी मामा मांडवाच्या खांबाला टेकून मोठ्याने बोलला, "म्हातारी गातंय का रडतंय?"

मांडव गार झाला. घरधनी पिशवी आत आहे ना, ते बघायला पळाला. राहीबाईने तोंड उघडलं. पण तिच्या आधी डाव्या हाताला ठकुबाईने, डोळे मिटून, अगदी भक्तिभावाने, हळदीच्या चालीत झील उचलली:

"म्हातारी गातंय गो, बाय, का रडतंय..."

झील सुरू झाली होती. आणि झील चालू असताना तोंड उघडायचं नाही, हे राहीबाईच्या पाठीला साठीच्या जवळ आल्यावरही आठवत होतं. मोठेपणी एकदाच मोडला होता तो नियम, आणि त्याची शिक्षा ती अजून भोगत होती. तिने तोंड मिटलं. सवयीने पोटभर श्वास घेतला. आत राग गळ्यापर्यंत आलेला होता, तो तिथे थांबला. ठकुबाई सावकाश, एकेक शब्द लांबवत, शिवी सुरात म्हणत होती. राहीबाईला काही कामच नव्हतं, म्हणून ती आतल्या रागाकडे बघत बसली. कानशिलं तापली होती. मग कानशिलं निवली. ठकुबाई "रडतंय" वर पोचली तेव्हा राग एखादी न म्हटलेली ओळ जावी तसा खाली पोटात उतरून गेला होता, आणि राहीबाईला त्या ठिकाणी फक्त एक बहिरी म्हातारी दुसऱ्या म्हातारीची टवाळी मनापासून गाताना ऐकू येत होती.

ती हसली. आधी खांदे हलले, मग तोंडाला पदर लावला, मग उघडच. मांडव तिच्याबरोबर हसला. मामा ओशाळून मागच्या दाराने गेला. "का गो हसतास?" ठकुबाईने विचारलं. "काय नाय. सुरात होतीस," राहीबाई म्हणाली आणि पुढची ओळ उचलली.

त्या दिवसापासून तिने ठरवलं, की कोणी काही बोललं की आधी त्याची झील होऊ द्यायची. ठकुबाई प्रत्येक ठिकाणी कुठून आणणार? म्हणून मनातल्या मनात, ठकुबाईच्या आवाजात. समोरच्याचं वाक्य जसंच्या तसं, हळदीच्या चालीत, सावकाश. तेवढा वेळ तोंड बंद, श्वास चालू. झील पुरी झाल्यावर काय बोलायचं ते बोलायला मोकळीक. राग गिळायचा असं तिने कधी म्हटलं नाही. गिळलेला राग पोटात वळवळतो हे तिला ठाऊक होतं. फक्त झील पुरी होऊ द्यायची.

पहिल्या दिवशी कोनच्या नाक्यावर एका रिक्षावाल्याने तिला हटकलं, "अरे बुढिया, बैठना है तो जल्दी बैठो, टाइम खोटी मत करो." राहीबाई जागच्या जागी उभी राहिली आणि मनात झील सुरू केली. हिंदी वाक्य हळदीच्या चालीत बसेना, म्हणून जरा जास्त वेळ लागला. तिचं ते निश्चल उभं राहणं बघून रिक्षावाल्यालाच धास्ती वाटली. "क्या हुआ मौसी, तबियत ठीक है ना?" म्हणत तो खाली उतरला आणि हात धरून तिला बसवलं.

घरी तर तुळशीराम घाबरलाच. "भाजीत मीठ न्हाय" म्हटल्यावर बायको काही न बोलता त्याच्याकडे नुसती बघत राहिली, तेव्हा तिला अर्धांगाचा झटका आला असं समजून तो डॉक्टरला बोलवायला निघाला. उंबऱ्यापर्यंत पोचला तेव्हा मागून आवाज आला, "मीठ डब्यात हाय. हात हाय ना तुझ्या?" तुळशीरामला इतकं हायसं वाटलं, की त्याने दोनदा भाजी घेतली.

दर वेळेला जमायचंच असं नाही. जित्याची खोड ती. एकदा पाण्याच्या नळावर झील अर्ध्यावर सुटली आणि एका कळशीला पोचा आला. पण पाच-सहा वर्षांत यजमानांनी पिशवी लपवणं सोडून दिलं. राहीबाईची पिशवी मांडवात तिच्या गुडघ्याशी दिवसभर पडून राहायची आणि कोणाला तिची भीती वाटत नसे.

फक्त कामतघरच्या एका घराला हे माहीत नव्हतं. किंवा माहीत असून उपयोग नव्हता.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात आक्काचा धाकटा मुलगा केसरीनाथ लूनावरून कोनला आला. ओट्यावर बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, "मावशे, माझी हलद हाय. धवला तूच म्हनायचा."

राहीबाईच्या हातातलं सूप थांबलं. आक्काच्या घरातलं हे शेवटचं लग्न. यानंतर त्या मांडवात बसायला तिला जन्मात कारण मिळणार नव्हतं. "आक्काने धाडला तुला?" तिने विचारलं.

"आय काय बोलली न्हाय," केसरीनाथ म्हणाला. मग जरा थांबून, "पन न्हायबी म्हनली न्हाय."

तेवढ्यावर राहीबाई गेली. आणि गेली ती एकटी, कारण अडचणीच्या वेळी अडचणी जोडीनेच येतात. ठकुबाईची लेक गणेशपुरीकडे बाळंत झाली होती आणि ठकुबाई आठ दिवसांपासून तिकडे होती. दुसरी झीलकरीण मिळेना. नव्या पोरींना कॅसेटची गाणी येत होती, धवला कोणाला येत होता? मीच ओळ म्हणेन आणि मीच झील घेईन, असं म्हणून राहीबाईने पिशवी उचलली.

दुपारी चार वाजता हळद सुरू झाली. आक्का मांडवाच्या दुसऱ्या टोकाला, बायकांच्या घोळक्यात, पाठ करून बसली होती. पाठीवरूनच राहीबाईला कळलं, बहीण वाळली आहे. अंबाडा पांढरा झाला होता. या मांडवातून पुन्हा अर्ध्यात उठले तर ही बहीण मला परत मिळणार नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं, आणि त्या भीतीने तिने पिशवी मुद्दाम लांब, दाराशी ठेवली होती.

कपाळाची हळद झाली. खांद्याची झाली. साठी ओलांडलेल्या बाईने ओळ म्हणायची आणि झीलही घ्यायची म्हणजे दमछाक होती. श्वास घ्यायला जागाच उरत नव्हती. कोपराशी ती पोचली, "हलद आयली कोपरा" एवढं म्हणाली, आणि तिचा दम सरला. ती थांबली. नुसता श्वास घ्यायला थांबली, पण मांडवातल्या प्रत्येक बाईला अकरा वर्षांपूर्वीची तीच जागा आठवली. केसरीनाथने पिवळे हात पुढे धरले होते. कोणी हलेना.

आक्का वळली. सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात बोलली, "काय झाला? ह्याच जागेवर उठली होतीस. ऊठ! पिशवी तिथं दारातच ठेवलीस!"

राग आला. यायचाच होता. इतक्या वर्षांची झीलही त्याला अडवू शकली नाही. तो गळ्याशी आला, कानशिलं तापली, आणि उत्तर तर जिभेच्या टोकावर तयार होतं. असं उत्तर, की आक्काने मरेपर्यंत लक्षात ठेवलं असतं.

डावीकडे ठकुबाई नव्हती. राहीबाईने डोळे मिटले आणि मनात तिचा आवाज लावला. ह्याच जागेवर... उठली होतीस... बाय गो. सावकाश. श्वास आत. श्वास बाहेर. ह्याच जागेवर.

अकरा वर्षं झाली आणि हिला अजून जागा आठवते. कोपराची ओळ. म्हणजे आक्का दर लग्नात, दर हळदीत, या ओळीपाशी येऊन थांबत असणार, जशी मी थांबते. आणि दारातली पिशवी. म्हणजे पाठ करून बसलेल्या बाईची नजर सगळा वेळ त्या पिशवीवर होती. मी जाईन म्हणून.

मग तिला आणखी काहीतरी कळलं. मांडवात फार शांतता होती. सुपातले तांदूळ सरकल्याचा आवाज येत होता. बाहेर कावळा ओरडत होता. दुपारी आल्यापासून मनातल्या धास्तीमुळे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं, की शेजारच्या शेडमधून आवाज येत नाही. चोवीस लूम मुकाट उभे होते.

तिने डोळे उघडले आणि केसरीनाथला हळूच विचारलं, "लूम बंद?"

"आयने," तो पुटपुटला. "सकालपासून दोन शिफ्ट बंद करवल्या. म्हनली, धवला ऐकायला आला पायजे."

जिभेच्या टोकावरचं उत्तर कुठे गेलं ते राहीबाईला कळलंही नाही. तिचे डोळे भरून आले होते, आणि भरल्या गळ्याने धवला म्हणता येत नाही, म्हणून तिने आणखी एक श्वास घेतला. मग आक्काच्या पाठीकडे नव्हे, तोंडाकडे बघत तिने ती ओळ पहिल्यापासून उचलली.

"हलद आयली कोपरा, बाय माजी गो लाजली..."

आणि थांबली. या वेळी झील तिने घेतली नाही. दम नव्हता म्हणा, किंवा मुद्दाम म्हणा. ओळ मांडवात तशीच लोंबकळत राहिली. एका आईकडून धवला शिकलेल्या बाईला आणखी काही सोसेल, झिलीविना टांगलेली ओळ सोसत नाही. आक्काचे ओठ हलले. ती उठलीही नाही, पुढेही आली नाही. बसल्या जागेवरून, फाटलेल्या, वापर नसलेल्या आवाजात तिने झील धरली.

"हलद आयली कोपरा, बाय माजी गो लाजली..."

राहीबाईने तोंड मिटून श्वास घेतला. आईच्या अंगणात घ्यायची तसा, पोटभर. मग मनगटाची ओळ, गुडघ्याची ओळ, घोट्याची ओळ. आक्का दर ओळीला एक पाऊल सरकत गेली आणि पायाच्या नखांची हळद लागेपर्यंत बहिणीला मांडी लावून बसली होती. मांडवातल्या बायका उघड रडत होत्या. केसरीनाथच्या नाकाला हळदीची खाज सुटली होती, पण हलायची त्याची हिंमत झाली नाही.

धवला संपला. दोघी पाटावर तशाच बसून राहिल्या. शेवटी आक्काने पदराने नाक पुसलं आणि थोरल्या बहिणीने बोलावं तेच ती बोलली.

"गुडघ्याच्या ओलीला चुकलीस."

राहीबाई थांबली. झील पुरी होऊ दिली.

"चुकले गो आक्का," ती म्हणाली. "गुडघ्याच्या ओलीलाबी चुकले."

आक्कानेही तेवढाच वेळ घेतला. मग वाटीत उरलेली हळद बोटांवर घेऊन तिने राहीच्या कोपराला लावली.

"पिशवी आत नेऊन ठेवायला सांगितलीय जानकीला," ती म्हणाली. "लगीन उरकल्याबिगर मिलायची न्हाय."